मांजरपाटावरचा ऑर्लॉक: मूक भयपट रंगमंचावर आणणाऱ्या नवख्या दिग्दर्शकांसाठी

मूकपटाचं नाटक करायचं म्हटलं की कॉलेजच्या ग्रुपमधला पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्रोजेक्टर कुणाकडून आणायचा? मीही तिथूनच सुरुवात केली होती आणि तालमीचे पहिले तीन आठवडे वाया घालवले. म्हणून या लेखात प्रोजेक्टर बराच उशिरा येईल. आधी कापड, दिवा आणि एक वही.

सगळं एकाच चित्रपटाच्या आधाराने सांगतो. एफ. डब्ल्यू. मुर्नाउचा ‘नोस्फेराटू’, १९२२ चा, जर्मन. घरांची दलाली करणारा नॉक आपल्या हाताखालच्या हुटरला काउंट ऑर्लॉकच्या गढीत पाठवतो. ऑर्लॉकला विस्बोर्ग गावात घर घ्यायचं असतं. तो रक्तपिपासू आहे हे कळेपर्यंत हुटर अडकलेला असतो, आणि ऑर्लॉक मातीने भरलेल्या शवपेट्या घेऊन जहाजाने विस्बोर्गला निघालेला असतो. त्याच्यासोबत उंदीर आणि प्लेग. शेवटी हुटरची बायको एलेन त्याला कोंबडा आरवेपर्यंत आपल्या खोलीत रोखून धरते. उजाडतं, तो विरून जातो, तीही मरते.

हक्कांचं आधी बघा

हा चित्रपट ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’वरून परवानगी न घेता केलेला होता. नावं बदलली, पण स्टोकरची विधवा फ्लोरेन्स कोर्टात गेली आणि १९२५ साली जर्मन न्यायालयाने प्रती नष्ट करायला सांगितल्या. परदेशी गेलेल्या प्रतींमुळे तो वाचला. आज अडचण नाही. स्टोकर १९१२ मध्ये वारला, मुर्नाउ १९३१ मध्ये, पटकथाकार हेन्रिक गालेन १९४९ मध्ये, आणि भारतात चित्रपटावरचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षांचा असतो. कथा आणि मूळ चित्रपट तुम्हाला मोकळे आहेत.

मोकळं काय नाही, ते लक्षात ठेवा: डीव्हीडीवर किंवा ऑनलाइन प्रतीवर वाजणारं नवं ध्वनिमुद्रित संगीत, आणि १९७९ व २०२४ मध्ये याच कथेवर झालेले नवे चित्रपट. त्यांतला एखादा प्रसंग ‘मूळचाच’ समजून उचलला जातो. त्यामुळे १९२२ चा चित्रपट नीट पाहिल्याशिवाय एक ओळ लिहू नका. महाराष्ट्रात जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, ज्याला आपण सगळे नुसतं सेन्सॉर म्हणतो. हे काम प्रयोगाच्या आठवड्यावर ढकलू नका.

तीनदा पाहा, तिसऱ्यांदा वही घेऊन

पहिल्यांदा सगळ्या ग्रुपने एकत्र, संगीतासकट. मुलं हसतील. हुटर सकाळी आरशासमोर खिदळतो तिथे तर हमखास. हसू द्या. कुठे हसली आणि कुठे गप्प झाली एवढं टिपून ठेवा.

प्रत निवडताना काळजी घ्या. मुर्नाउने रात्रीचे बरेच प्रसंग दिवसा चित्रित केले आणि मग फिल्म निळ्या रंगात बुडवली. निळं म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिवस किंवा दिव्याचा उजेड. इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या कोऱ्या काळ्या-पांढऱ्या प्रतींत हा रंग नाही, त्यामुळे ऑर्लॉक भर उन्हात शवपेटी काखोटीला मारून चालताना दिसतो आणि मुलं विचारतात, हा उन्हाने मरतो ना? रंगवलेली, दुरुस्त केलेली प्रत शोधा. वेगही तपासा. आजच्या २४ फ्रेमच्या वेगाने चालवलेल्या मूकपटात माणसं तुरुतुरु पळतात आणि मग नट तेच चालणं उचलतात.

दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. आता संगीत तुम्हाला घाबरवत नाही, तेव्हा नुसत्या चित्राने कुठे पोटात खड्डा पडतो ते कळतं. आमच्या यादीत पाच जागा निघाल्या: मध्यरात्री दारात उभा ऑर्लॉक, जहाजाच्या तळघरात शवपेटीतून फळीसारखा ताठ उठणारा ऑर्लॉक, रस्त्यावरून जाणारी शवपेट्यांची रांग, जिन्यावरची सावली, आणि एलेनच्या छातीवर आवळली जाणारी हाताची सावली.

तिसऱ्यांदा वहीत तीन रकाने पाडा: काय घडतं, कॅमेरा काय करतो, आपल्याकडे काय आहे. दुसरा रकाना महत्त्वाचा. उदाहरणार्थ, हुटरला न्यायला येणारी बग्गी जंगलातून जाते तेव्हा मुर्नाउने फिल्मची निगेटिव्ह दाखवली आहे. झाडं पांढरी, आकाश काळं. ‘पांढरं-काळं उलटं होतं’ असं दुसऱ्या रकान्यात लिहिलंत की तिसऱ्यात आपोआप सुचतं: काळा पुठ्ठा, पांढरा खडू. ‘जंगलातून बग्गी जाते’ एवढंच लिहिलंत तर तुम्ही घोड्याचा मुखवटा बनवायला बसाल.

गाळणी

मूळ चित्रपट दीड तासाचा. एकांकिकेत तुमच्याकडे पन्नास मिनिटं आणि साधारण बारा मुलं. हार्डिंग आणि त्याची बहीण, प्राध्यापक बुल्वर आणि त्याच्या मांसाहारी वनस्पती, नॉकचा गावभर पाठलाग, हे सगळं पहिल्या खर्ड्यात असतं आणि दुसऱ्यात जातं. नॉकला मात्र ठेवा. संपूर्ण नाटकात मोकळेपणाने ओरडायची परवानगी असलेला तो एकच.

कथा कोकणात आणायची का, हा प्रश्न येतोच. बंदर आहे, जहाज आहे, भुतांची तर ददात नाही. माझं मत स्पष्ट आहे: आणू नका. आपल्या वेताळाचे, मुंजाचे, खवीसाचे स्वतःचे नियम आहेत, जागा आहेत, उतारे आहेत. प्रेक्षकांना ते पाठ असतात. त्यांच्या मुलखात ऑर्लॉक आला की तो पाहुणा वाटतो, भीतीदायक नाही. जहाजातून प्लेग येतो हे सूत्र ओढत असेल तर १८९६ च्या मुंबईच्या प्लेगवर सरळ वेगळं नाटक करा. त्यात ऑर्लॉकची गरजच नाही.

कोणतं माध्यम कुणाचं

मिश्र माध्यम म्हणजे जे मिळेल ते सगळं, असा आपल्याकडे समज आहे. पुण्याच्या फिरोदिया करंडकासारख्या स्पर्धेत नाट्याबरोबर चित्र, शिल्प, नृत्य, वादन एकाच प्रयोगात येतं, आणि ते बघत मोठे झालेले आम्ही पहिल्या खर्ड्यात सावल्या, व्हिडिओ, बाहुल्या, वाळूचित्र आणि समकालीन नृत्य एवढं सगळं कोंबलं होतं. वाचन झाल्यावर आमच्याच प्रकाशयोजना करणाऱ्या मुलीने विचारलं, “यात माणसं कुठे उभी राहणार?”

तेव्हा आम्ही एक नियम केला आणि नाटक सुटसुटीत झालं. प्रत्येक माध्यमाला एक मालक. सावली फक्त ऑर्लॉकची. दुसऱ्या कुणाचीही सावली कापडावर पडायची नाही. ओव्हरहेड प्रोजेक्टर, म्हणजे आपल्या काचेवर ठेवलेलं चित्र पडद्यावर मोठं करणारं जुनं यंत्र, निवेदकाचा: प्रवास, पत्रं, मृतांची नोंद. त्याच क्षणी थेट पडद्यावर दाखवणारा कॅमेरा फक्त जहाजाचा. आणि हाडामांसाचा ऑर्लॉक रंगमंचावर दोनदाच, एकदा गढीतल्या जेवणाच्या वेळी आणि एकदा जहाजावर. चित्रपटातही तो फार थोडा वेळ दिसतो. उरलेला वेळ त्याची वाट पाहण्यात जातो.

मूळ चित्रपटाचा एकही तुकडा दाखवू नका. मूळ ऑर्लॉक साकारणाऱ्या माक्स श्रेकचा चेहरा एकदा का पडद्यावर आला की तुमचा नट त्याच्यापुढे स्नेहसंमेलनातला पोरगा दिसतो.

सावली: इथे वेळ घाला

कापड मांजरपाटाचं, मोठ्या पन्ह्याचं. मलमल पातळ असल्याने मागचा दिवा प्रेक्षकांच्या डोळ्यांत घुसतो. जोड द्यावा लागला तर तो आडवा, खालच्या बाजूला घ्या, कारण मधोमध असलेली शिवण सावलीच्या गळ्यावरून जाते. वर आणि खाली पाइप जाईल असा नेफा शिवा. टांगून झाल्यावर पाण्याचा हलका फवारा मारला की सुकताना कापड ताणलं जातं. आमचं बारा फूट रुंद आणि नऊ फूट उंच होतं.

दिव्याचं गणित सोपं आहे आणि ते सगळ्या ग्रुपला यायला हवं. उजेडाचा उगम जितका लहान तितकी सावली रेखीव. रंगमंचावरच्या ‘पार’ (PAR) या नेहमीच्या दिव्याला मागे परावर्तक आणि पुढे भिंग असतं, म्हणून त्याची सावली पिठासारखी विसविशीत येते. तालमीला मोबाइलचा टॉर्च उत्तम. प्रयोगाला लहान चिपचा, पुढे दुधी काच नसलेला तेजस्वी एलईडी घ्या. दिवा कापडामागे बारा फुटांवर ठेवला आणि नट दिव्यापासून आठ फुटांवर उभा राहिला, तर सावली दीडपट. साडेपाच फुटांचा मुलगा सव्वाआठ फुटांचा. तो आणखी दोन फूट दिव्याकडे सरकला की दुप्पट, म्हणजे अकरा फूट, आणि नऊ फुटांच्या कापडावरून डोकं गायब. म्हणून मागच्या जमिनीवर खडूने रेघा मारा: ही घाबरवायची, ही छतापर्यंतची, हिच्या पलीकडे जायचं नाही.

दिवा जमिनीवर ठेवा. उंचावर ठेवला तर सावलीचे पाय कापडाखाली जातात. जमिनीवर ठेवला तर पाय तिथेच राहतात आणि धड वर वर वाढत जातं. ऑर्लॉक काही न करता नुसता मागे मागे, दिव्याकडे सरकतो, आणि समोर तो वाढताना दिसतो. तालमीत हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मुलं आरडाओरडा करायची विसरली.

जिन्यासाठी जिना लागत नाही. तीन लेव्हल्स (लाकडी चौथरे) एकावर एक, नट पूर्ण बाजूने, चेहरा कधीही कापडाकडे नाही. सावलीला फक्त कड असते. समोर तोंड केलं की नाक-हनुवटी सगळं एका गोळ्यात जातं. बोटं लांबवायला तारेच्या सांगाड्यावर कार्डशीट. आणि हात अंगापासून सुटा, म्हणजे मध्ये उजेडाची फट राहील असा धरा. नाहीतर नखं कितीही लांब केलीत तरी ती कोटात बुडतात.

एलेनच्या छातीवरची सावली मात्र कापडावर घ्यायची नाही. ती सरळ तिच्या अंगावर टाका. समोरच्या विंगेत खाली दिवा, त्याच्यापासून तीन फुटांवर नटाचा हात, नऊ फुटांवर पांढऱ्या झग्यातली एलेन. सात इंचांचा पंजा तिच्यावर एकवीस इंचांचा होऊन पडतो. तो हळूहळू छातीवर येतो आणि मूठ वळते. त्या क्षणी रंगमंचावर दुसरा कुठलाही दिवा असता कामा नये, अगदी दहा टक्क्यांवरचासुद्धा. आमच्या प्रयोगात वादकाच्या स्टँडवरचा छोटा दिवा चालू राहिला आणि पंजाला दोन अंगठे आले.

सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला जाणं जमलं तर जरूर जा. तिथल्या ठाकर कलावंतांकडे चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणं, अशा दोन्ही परंपरा आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. तिथून बाहुल्यांचे आकार उचलून आणू नका. बाहुली कापडाला टेकवलेली असताना आणि ती किंचित मागे घेतल्यावर काय फरक पडतो, हे त्यांचे हात बघून शिका. रेखीवपणा घालवणं हेही एक हत्यार आहे.

ओव्हरहेड प्रोजेक्टर आणि टबातलं जहाज

कॉलेजच्या अडगळीच्या खोलीत ओव्हरहेड प्रोजेक्टर नक्की असतो, पॉवरपॉइंट आल्यापासून धूळ खात. तो मागून घ्या. काचेवर काळा पुठ्ठा, त्यात पात्याने कापलेली झाडं, आणि वरून हळूहळू सरकवलेली ट्रान्स्परन्सी, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा कागद. हे झालं निगेटिव्ह जंगल. मृतांची नोंद लिहिणारा निवेदक काचेवर रांगोळीची चिमूट टाकत जातो. पांढरी असली तरी उजेड अडवते, म्हणून पडद्यावर काळे ठिपके वाढतात. चित्रपटात मेलेल्यांच्या दारांवर खडूने फुली मारत जाणारा माणूस आहे. आमच्याकडे निवेदक त्याच रांगोळीत बोटाने फुली ओढायचा आणि पडद्यावर उजेडाची फुली उमटायची. हे सगळं करणारा हात प्रेक्षकांना दिसू द्या. कसं केलं ते दिसत असूनही घाबरवता येतं, आणि हे फक्त रंगमंचाला जमतं.

ही हौस नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कल्याणचे महादेव पटवर्धन काचेवर रंगवलेली चित्रं कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर मोठी करून, निवेदन आणि गाण्यांसकट खेळ करायचे. नाव होतं ‘शांबरिक खरोलिका’. म्हणजे मराठी प्रेक्षकांनी सिनेमाच्या आधी मिश्र माध्यम पाहिलेलं आहे.

एम्पुसा हे जहाज आम्ही निळ्या प्लास्टिकच्या टबात सोडलं होतं. काडेपेटीएवढं, काळ्या पुठ्ठ्याचं. मोबाइल स्टँडवर, वायरने थेट प्रोजेक्टरला. वायरच वापरा. वायफायने चित्र मागे राहतं, टबात हात आत्ता हलतो आणि लाट नंतर येते. मोबाइल एअरप्लेन मोडवर, चार्जिंगला लावलेला, ऑटोफोकस लॉक केलेला. पाण्यात शाईचा एक थेंब सोडला की वादळाला दुसरं काही लागत नाही.

आता प्रोजेक्टर

कॉलेजचे प्रोजेक्टर साधारण तीन-साडेतीन हजार ल्युमेनचे असतात. चित्र उठतं, पण रंगमंचावर पुढून दिवा आला की धुऊन निघतं. त्याचा थ्रो रेशो १.५ असेल तर दहा फूट रुंद चित्रासाठी पंधरा फूट अंतर लागतं. हॉल बघायला जाताना हा आकडा आणि मोजपट्टी खिशात ठेवा. त्याची वायर डिमरच्या (दिवे कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) लाइनवर कधीही लावू नका, सरळ भिंतीतला पॉइंट घ्या. आणि प्रोजेक्टरचा ‘काळा’ काळा नसतो, राखाडी असतो. ब्लॅकआउटमध्ये पडद्यावर फिकट चौकोन तरंगतो. उपाय फुकटातला: भिंगासमोर बिजागरीवर पुठ्ठ्याची झडप आणि तिला दोरा. दोरा ओढणारा मुलगा हा तुमचा सगळ्यात भरवशाचा मुलगा असायला हवा.

आमच्या पहिल्या प्रयोगात केबल निसटली आणि सिग्नल नसल्याचा निळा पडदा आला. दोरावाला दुसरीकडे बघत होता. नंतर एक परीक्षक म्हणाले, रात्रीसाठी निळ्या रंगाचा केलेला वापर विशेष आवडला. आम्ही माना खाली घालून आभार मानले.

नटांशी काय बोलायचं

‘मूकपटासारखा अभिनय करा’ असं सांगू नका. लगेच छातीवर हात आणि डोळे विस्फारणं सुरू होतं. चित्रपट नीट पाहिला असेल तर दिसेल की तिथे एकच शैली नाही. हुटर उसळतो, नॉक वेडावतो, एलेन झोपेत चालल्यासारखी, आणि ऑर्लॉक जवळजवळ हलतच नाही. सगळे गडबडीत असताना एक जण संथ, भीती तिथून येते. ऑर्लॉकच्या नटाला डोक्यावर वही ठेवून रंगमंच ओलांडायला लावा. चोवीस मोजेपर्यंत पोचायचं, हात मांड्यांना चिकटलेले, खांदे वरखाली नाहीत. रोज दहा मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात वही काढा.

संवाद ठेवायचे की नाही? आम्ही एलेन आणि ऑर्लॉकला एकही शब्द दिला नाही. हुटर बोलतो आणि हळूहळू त्याचे शब्द कमी होत जातात.

रंगभूषेबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. लांब आकडेबाज नाक, सोबत उंदीर, परमुलखातून येऊन घर घेणारा आणि रोग पसरवणारा: ऑर्लॉकची ही प्रतिमा त्या काळच्या ज्यूविरोधी व्यंगचित्रांच्या फार जवळ जाते, असं अनेक समीक्षकांनी म्हटलं आहे. करणाऱ्यांच्या मनात तसं असेलच असं नाही. पटकथाकार गालेन आणि नॉक साकारणारा अलेक्झांडर ग्रानाख हे दोघेही ज्यू होते. पण पुढे जर्मनीत काय झालं ते आपल्याला माहीत आहे, आणि ‘बाहेरून आलेल्यांनी रोग आणला’ ही कुजबुज आपणही करोनात ऐकली आहे. आम्ही नाक काढून टाकलं. पुढचे दोन उंदरासारखे दात, टोकदार कान, नखं एवढंच ठेवलं, आणि विस्बोर्गच्या गावकऱ्यांनी दोष द्यायला माणूस शोधण्याचा प्रसंग वाढवला. चित्रपटात ते नॉकच्या मागे लागतात, त्यामुळे बीज आहेच. तुम्ही वेगळं ठरवाल, पण या प्रश्नावर तालमीत एक संध्याकाळ तरी जाऊ द्या.

पाट्या आणि निवेदक

मूकपटातल्या मजकुराच्या पाट्या हे आयतं हत्यार आहे. हाताने लिहा. संगणकातल्या फॉन्टने शंभर वर्षं एका झटक्यात पुसली जातात. एका पाटीवर आठ-दहा शब्द. मनातल्या मनात दोनदा सावकाश वाचून होईपर्यंत ती ठेवा, कारण शेवटच्या रांगेत चष्मा विसरलेले आजोबा असतात. चित्रपटातली गाजलेली पाटी आहे ती हुटर पूल ओलांडताच भुतं त्याला सामोरी आली, अशा अर्थाची. आम्ही ती लिहून दाखवली आणि निवेदकाला त्या वेळी गप्प ठेवलं. जे लिहिलंय ते बोलायचं नाही, जे बोललंय ते लिहायचं नाही.

मूळ चित्रपटही गावातल्या मृत्यूच्या साथीची बखर म्हणून सांगितला जातो, त्यामुळे निवेदक बाहेरून चिकटवलेला वाटत नाही. फक्त त्याला सूत्रधाराचा फेटा बांधू नका.

आवाज

मूकपट सहसा शांततेत दाखवले जात नव्हते. ‘नोस्फेराटू’साठी हान्स एर्डमानने खास संगीत रचलं होतं, आणि आपल्याकडेही पडद्यासमोर तबला-पेटी वाजायची. रेकॉर्ड केलेला ट्रॅक टाळा. सावली दोन सेकंद उशिरा आली तर ट्रॅक थांबत नाही, वादक थांबतो. पेटीची एकही पट्टी न दाबता सावकाश भाता हलवा, बारीक श्वासासारखा आवाज येतो. तोच आमचा ऑर्लॉक. डग्ग्यावर मनगट घासून काढलेली मींड म्हणजे जहाजाचं लाकूड. तीन सुरांची एक ओळ एलेनची. एवढंच. आणि जिन्याच्या सावलीला पूर्ण शांतता. वादक नाराज होतील, त्यांना सांगा की आधीची पंधरा मिनिटं त्यांनी वाजवलं म्हणूनच ती ऐकू येते.

तांत्रिक तालीम

हिला रंगीत तालमीत मिसळू नका. नट नसले तरी चालतील, दोन दिवस फक्त क्यू, म्हणजे दिवा, चित्र किंवा आवाज नेमका कधी बदलायचा त्या खुणा. एकच माणूस क्यू देणार, तो दिग्दर्शक नसावा. दिग्दर्शक बघत बसतो आणि विसरतो. क्यूशीटवर दिवे, चित्र, सावली, आवाज असे चार रकाने आणि सगळ्यांना मिळून एकच क्रमांक. “सतरा स्टँडबाय… सतरा गो.” पन्नास मिनिटांत आमचे क्यू चौसष्ट होते. ते जास्त होते.

कापडामागच्या अंधारात मुलं धडपडतात. वायरी गॅफर टेपने चिकटवा, लेव्हल्सच्या कडांना पांढरी पट्टी. कापड आहे, पुठ्ठा आहे, त्यामुळे मेणबत्ती, पलिता काहीही नको, तापणारा हॅलोजन असेल तर कापडापासून लांब. बाहेर जायच्या दारांवरचे हिरवे दिवे कितीही खुपले तरी झाकायचे नाहीत. धूर सोडणार असाल तर दम्याचा त्रास असलेल्यांसाठी आणि लुकलुकता दिवा असेल तर अपस्माराच्या रुग्णांसाठी बाहेर पाटी लावा.

शेवटचा क्यू

स्टोकरच्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. उन्हाने मरणं ही या चित्रपटाची देणगी. तिथे ऑर्लॉक खिडकीपाशी विरत जातो आणि धुराची एक रेघ उरते. आम्ही याच्यावर खूप डोकं खाजवलं: व्हिडिओ, धूर, सापळा. शेवटी उत्तर आधीपासून कापडावरच होतं. मागच्या दिव्याची सावली समोरून उजेड आला की पुसट होते. म्हणून मागचा दिवा तसाच ठेवायचा, ऑर्लॉक कापडामागे हात वर करून उभा, आणि समोरचे पिवळसर दिवे शून्यापासून चाळीस सेकंदांत वर न्यायचे. सावली आधी करडी होते, मग कडा जातात, मग नुसता हाताचा भास, मग कोरं कापड. कुणीही काहीही केलेलं नसतं, फक्त उजाडलेलं असतं. डिमरवरच्या मुलाला घाई करू देऊ नका. तो वीस सेकंदांत उरकतो, कारण त्याला टाळ्यांची भीती वाटते.

त्यानंतर ब्लॅकआउट घेऊ नका. कोरं कापड उजेडात तसंच राहू द्या, एलेन समोर पडलेली. मग पुढचा पडदा.

प्रयोग संपल्यावर कापड घडी न घालता पाइपावर गुंडाळा. आम्ही घडी घातली होती. पुढच्या प्रयोगाला ऑर्लॉकच्या कपाळावरून पोटापर्यंत एक सरळ रेघ होती, आणि इस्त्री ग्रीनरूमच्या कुलपात.